बर्फाच्या गावांची नोंदवही



आजवर आम्ही तुम्हाला दुष्काळाचा, विहिरींचा, जुन्या बाजारांचा इतिहास सांगत आलो. आज जरा लांब जायचं आहे, बर्फाच्या डोंगरांत. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे थंडीत दंव पडलं तरी बातमी होते, आपला आणि बर्फाचा काय संबंध?

संबंध आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये साडेएकोणीस हजार फुटांच्या आसपासच्या एका चौकीवर बर्फाचा मोठा कडा कोसळला. आपले दहा जवान त्याखाली गेले. सहा दिवस खोदल्यावर लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. सगळा देश देवाला हात जोडून होता, पण ११ तारखेला तेही गेले. या दहा जणांतला एक जवान आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला होता. ज्या मुलखात पावसाचं पाणी मोजून वापरतात, तिथला मुलगा बर्फाखाली गेला. जिथे घराघरातून एखादा तरी फौजेत आहे, तिथल्या आयाबहिणींना बर्फाची बातमी परकी वाटत नाही.

म्हणून आज बर्फ डोंगरावरून सुटतो कसा, आणि त्याच्या खाली पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांनी जीव कसा राखला, त्याची गोष्ट सांगू. ही गोष्ट युरोपातल्या आल्प्स पर्वताची आहे, मुख्यतः स्वित्झर्लंड देशाची.

आधी बर्फ समजून घेऊ. डोंगरावरचा बर्फ लांबून एकसारखा पांढरा दिसतो, पण आत तो गोधडीसारखा थरांचा असतो. आज पडलेला एक थर. त्यावर दोन दिवस ऊन पडलं की वरचा पापुद्रा कडक होतो. मग वारा सुटतो आणि डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो, तो आणखी एक थर. असं पूर्ण हिवाळाभर चालतं.

यातला एखादा थर कच्चा निघतो. तो कसा होतो ते बघा. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते आणि वरची हवा उणे वीस अंशांपर्यंत उतरते. खालची वाफ वर सरकते आणि वाटेतल्या बर्फाच्या कणांवर गोठते. त्यामुळे ते कण मोठे, खडबडीत आणि जाड साखरेसारखे सुटे होतात. मुठीत घेऊन दाबले तरी त्यांचा लाडू वळत नाही. आता त्यावर नवा, घट्ट, जड बर्फ बसला, तर काय होईल? जोंधळ्याच्या राशीवर परात ठेवली आणि रास कलती झाली, तर परात घसरणारच. तसाच वरचा थर एकदम सुटतो, अख्खा तुकडा तुटून खाली येतो. त्यालाच हिमस्खलन म्हणतात.

सपाट जागी बर्फ सरकत नाही आणि अगदी उभ्या कड्यावर तो साचतच नाही. धोका मधल्या उताराला जास्त, साधारण ३० ते ४५ अंशांच्या. आपल्या कौलारू छपराचा उतार असतो, तिथपासून पुढे. हा उतार चढायला, उतरायला, वर घर बांधायला माणसाला जमतो. माणसाला जमणारा उतार आणि बर्फ सुटणारा उतार एकच, म्हणून माणसं सापडतात.

आता इतिहासाकडे वळू. स्वित्झर्लंडमध्ये उर्सेरेन नावाच्या खोऱ्यात आंडरमाट हे गाव आहे. आजूबाजूचे डोंगर बोडके, पण गावाच्या डोक्यावर एका उतारावर झाडांचा एक पट्टा आहे. १३९७ साली त्या खोऱ्यातल्या लोकांनी एकत्र येऊन लेखी ठराव केला की या जंगलातलं झाड कुणी तोडायचं नाही. झाडच काय, फांदी न्यायची नाही आणि खाली पडलेलं फळही उचलायचं नाही.

मैत्रिणींनो, या ठरावाची किंमत तुम्हाला आम्ही सांगायला नको. सरपणासाठी मैलभर चालणं काय असतं ते आपल्या आईला, आजीला विचारा. आंडरमाटला हिवाळा सहा-सहा महिन्यांचा. चूल विझली तर माणूस गारठून जाईल अशी थंडी, आणि डोळ्यांसमोर लाकूड उभं. तरी त्याला हात लावायचा नाही. कारण त्यांना एक गोष्ट कळली होती. उभी झाडं बर्फाला जागच्या जागी धरून ठेवतात. फांद्यांमुळे बर्फ तुटक तुटक पडतो, सलग थर बसत नाही आणि खोडं खुंटीसारखी आडवी येतात. एक हिवाळा ऊब मिळावी म्हणून झाडं तोडली, तर पुढच्या हिवाळ्यात गावच राहणार नाही.

त्या वेळी ना हवामान खातं होतं, ना कुणी शास्त्रज्ञ. बर्फ कुठून येतो हे पाहिलेली माणसं होती आणि ते लिहून ठेवायची अक्कल होती. बाकीच्या खोऱ्यातली झाडं पुढच्या शतकांत जवळपास संपली. ठरावातला तो पट्टा मात्र टिकला, आणि आजही उभा आहे.

जिथे जंगल नव्हतं तिथे लोकांनी घरं बांधण्याची रीत बदलली. दावोस हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. दर जानेवारीत तिथे जगभरचे उद्योगपती जमतात आणि आपले मुख्यमंत्रीही गुंतवणुकीचे करार करायला जातात. त्या दावोसजवळ फ्राउएनकिर्श नावाची वस्ती आहे. तिथलं देऊळ, म्हणजे चर्च, १६०२ सालच्या हिमस्खलनात सापडलं. त्यानंतर लोकांनी डोंगराकडची भिंत होडीच्या टोकासारखी निमुळती केली. वरून बर्फ आला तर त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावा, अशी योजना. अनेक शेतकऱ्यांनी घरामागेही असेच दगडमातीचे टोकदार बांध घातले.

पण जुनं शहाणपण प्रत्येक पिढीत टिकतंच असं नाही. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांसाठी, कोळशासाठी डोंगर उघडे पडत गेले. पूर आले, दरडी आल्या, बर्फ गावांत शिरला. तेव्हा १८७६ साली त्या देशाने पर्वतातल्या जंगलांच्या रक्षणाचा कायदा केला. त्या काळातले देशाचे मुख्य वन अधिकारी होते योहान कोआत्स. या माणसाने एक साधं पण फार मोठं काम केलं. कुठल्या डोंगरावरून, कुठल्या वाटेने, कधी बर्फ येतो, त्याची यादी करायला घेतली. खोऱ्याखोऱ्यांतल्या वनरक्षकांकडून माहिती गोळा केली. १८८१ मध्ये त्यांचं आल्प्समधल्या हिमस्खलनांवरचं पुस्तक आलं. बर्फ सुटतो तिथेच, डोंगराच्या माथ्यावर, दगडी बांध घालून त्याला अडवायचं कामही त्यांच्या काळात सुरू झालं. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात माथ्यापासून पायथ्याकडे चर खणतात ना, तसाच हा विचार. खाली भिंत बांधत बसण्यापेक्षा वरच धरा.

पुढचा टप्पा आला १९३६ साली. दावोसच्या वर वाइसफ्लूयोख नावाच्या ठिकाणी, अडीच हजार मीटरपेक्षा उंचावर, काही अभ्यासकांनी बर्फातच एक छोटी प्रयोगशाळा थाटली. त्यांच्यातले रॉबर्ट हेफेली हे मातीचा अभ्यास करणारे अभियंते होते. माती कधी घसरते, बांध कधी खचतो, हा त्यांचा विषय. त्यांनी बर्फाकडेही मातीसारखंच पाहिलं. खड्डा खणायचा, थर मोजायचे, कुठला घट्ट, कुठला भुसभुशीत ते तपासायचं. वरून चांगला दिसणारा बर्फ आतून कच्चा असतो, हे अशा खड्ड्यांतून नीट कळू लागलं. तिथे तेव्हापासून आजवर दर हिवाळ्यात बर्फाची रोजची मोजणी चालू आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४५ पासून, ही संस्था बर्फाच्या धोक्याचं पत्रक काढू लागली. पण एका संस्थेला सगळा देश कसा दिसणार? म्हणून डोंगरांतल्या गावोगावी निरीक्षक नेमले. ही साधी माणसं होती. सकाळी उठायचं, खुणेच्या काठीवर किती बर्फ चढला ते पाहायचं, वारा कुठून आला ते लिहायचं आणि कळवायचं. असं माप गावांतून वर जायचं आणि इशारा वरून खाली गावांत यायचा. ही दुहेरी वाट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इतकी तयारी असूनही १९५१ चा हिवाळा आला आणि त्याने सगळ्यांना हादरवलं. जानेवारीत काही दिवस अखंड बर्फ पडला. २० जानेवारीला वाल्स नावाच्या गावात १९ माणसं गेली, त्यांत बरीचशी लहान मुलं होती. त्याच दिवशी, ज्या आंडरमाटची गोष्ट आताच सांगितली, तिथेही १३ जणांचा जीव गेला. तुम्ही विचाराल, मग त्या साडेपाचशे वर्षांच्या जंगलाचा काय उपयोग? जंगलाने आपली बाजू राखली. बर्फ आला तो दुसऱ्या, उघड्या उतारावरून. एका बाजूची कडी लावली म्हणून दुसरं दार बंद होत नाही. त्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसं मेली, शेजारच्या ऑस्ट्रियात त्याहूनही जास्त.

त्या देशाने रडून झाल्यावर हिशेब मांडला. डोंगरमाथ्यांवर लोखंडी कठड्यांच्या रांगा उभ्या केल्या. नवी झाडं लावली. रस्त्यांवर छप्पर घातलं, म्हणजे बर्फ वरून निघून जावा. आणि गावाचे नकाशे रंगवले. लाल पट्ट्यात घर बांधायचं नाही. निळ्या पट्ट्यात बांधायचं तर भिंत किती जाड हवी ते ठरलेलं. हे नकाशे काढताना जुन्या नोंदी उपयोगी पडल्या. कुठल्या साली बर्फ कुठवर आला होता, चर्चच्या दप्तरात काय लिहिलंय, म्हातारी माणसं काय सांगतात, हे सगळं त्या रंगांत उतरलं. कुणाच्या जमिनीवर लाल रंग आला की भांडणंही झाली. आपल्याकडे पूररेषा आखताना होतात तशीच.

मग १९९९ चा फेब्रुवारी आला. पुन्हा तसाच अखंड बर्फ. १९५१ सारखीच, नुकसान करणारी हजाराहून जास्त हिमस्खलनं झाली. पण या वेळी स्वित्झर्लंडच्या गावांत आणि रस्त्यांवर १७ माणसं गेली. ९८ आणि १७. मधल्या काळात त्या डोंगरांत घरं वाढली होती, पर्यटक कितीतरी पटींनी वाढले होते, तरीही. कठडे, नकाशे, जंगल, पत्रक आणि वेळेवर बंद केलेले रस्ते यांची ही कमाई.

पण त्या १७ मधले १२ जण एव्होलेन नावाच्या एकाच ठिकाणचे होते. तिथे वेळेत रस्ता बंद झाला नाही, घरं रिकामी केली गेली नाहीत, म्हणून पुढे न्यायालयाने गावाच्या प्रमुखाला आणि सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाला निष्काळजीपणाबद्दल दोषी धरलं. आणि ऑस्ट्रियात गाल्ट्यूर गावावर २३ फेब्रुवारीला दुपारी बर्फ कोसळला. ३१ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीत आणखी ७. गाल्ट्यूरमध्ये बर्फ आला तो नकाशावर सुरक्षित म्हणून दाखवलेल्या भागात. म्हणजे नकाशाही माणसाच्या आठवणीइतकाच लांब पाहतो. गावाने नंतर ३४५ मीटर लांबीची संरक्षक भिंत बांधली आणि त्याच भिंतीत एक संग्रहालय केलं, पुढच्या पिढीने विसरू नये म्हणून.

आता गावांतलं मरण कमी झालं, पण डोंगरांतलं थांबलं नाही. कारण आता माणूस स्वतः बर्फाकडे जातो. चढाईला, बर्फावरून घसरण्याच्या खेळाला, ठरलेली वाट सोडून आत. तिथे ना कठडे, ना रंगवलेला नकाशा. अशा अपघातांत दहांपैकी साधारण नऊ वेळा तो कच्चा थर मोडतो तो सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने.

याची जखम आपल्या देशालाही आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमध्ये ‘द्रौपदी का डांडा’ शिखराजवळ गिर्यारोहणाचं शिक्षण घेणाऱ्या तुकडीवर हिमस्खलन झालं. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे तेव्हा सापडले नाहीत. त्या तुकडीच्या प्रशिक्षकांत सविता कंसवाल होत्या. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली गरीब घरची मुलगी. त्याच वर्षी मे महिन्यात तिने १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं सर केली होती. जाणकार माणसालाही बर्फ सोडत नाही, हे तिच्या मरणाने कळतं.

तुमच्या घरातलं कुणी फौजेत असेल, मुलगा-मुलगी हिमालयात ट्रेकला जाणार असेल, तर या चार गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक, मोठा बर्फ पडून गेल्यावर पहिला दिवस सगळ्यात धोक्याचा. आकाश मोकळं झालं म्हणून लगेच निघायचं नाही. दोन, जोराचा वारा किंवा अचानक वाढलेली ऊब, दोन्ही वाईट. तीन, पायाखाली बर्फ ‘धप्प’ असा बसल्याचा आवाज आला, भेगा पळाल्या किंवा शेजारच्या उतारावर नुकताच बर्फ सुटलेला दिसला, तर तिथून मागे फिरायचं, आणि आपल्या डोक्यावरचा उतारही बघायचा. चार, धोक्याचा उतार ओलांडायचाच झाला तर एकेकाने. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. कारण बर्फाखाली गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, पुढे आशा झपाट्याने कमी होते. इतक्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. वाचवतो तो शेजारीच, त्याच्याजवळचं फावडं आणि गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारं छोटं यंत्र.

आपल्या देशातही बर्फाचा अभ्यास होतो. संरक्षण खात्याने १९६९ साली मनालीत त्यासाठी संस्था काढली. आज तिचं काम चंदीगडहून चालतं आणि हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी इशारे निघतात. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधल्या चमोली जिल्ह्याच्या उंच भागासाठी असा इशारा निघाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे, बद्रीनाथपलीकडच्या माणा गावाजवळ, रस्त्याचं काम करणाऱ्या ५४ मजुरांच्या तळावर बर्फ आला. ते लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते. ४६ जणांना सेनेने आणि इतरांनी जिवंत काढलं, ८ जण गेले. कागदावर इशारा होता. पण इशारा निघणं, तो माणसाच्या कानापर्यंत पोचणं आणि तो ऐकून माणसाला तिथून हलता येणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुराला कळलं तरी तो काम सोडून कुठे जाणार?

मैत्रिणींनो, आपल्याकडे बर्फ नाही, पण घसरणारा डोंगर आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकाने, त्याला नेहमीच्या जागी गावच दिसलं नाही. मग २०२१ मध्ये महाडजवळचं तळीये, २०२३ मध्ये खालापूरजवळची इरशाळवाडी. ओल्या मातीखालीही एखादा थर सुटतो, आणि वरचं सगळं घेऊन खाली येतो. हेफेलींनी बर्फाला माती समजून तपासलं, ते उगाच नाही.

म्हणून आमचं एक मागणं आहे. आपल्या बचत गटाच्या वहीत आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. कुणी कधी किती भरले, दहा वर्षांपूर्वीचंही सापडतं. त्याच वहीची मागची चार पानं वेगळी करा. पुढच्या बैठकीला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा आणि विचारा : पूर्वी ओढ्याचं पाणी कुठवर आलं होतं? कुठली टेकडी कधी खचली? कुठल्या जागेला ‘तिथे घर नको’ असं म्हणायचे, आणि का? तिचं उत्तर साल घालून लिहा. पावसाळ्यात डोंगराला भेग दिसली, विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं किंवा विजेचे खांब कलले, तर तारीख घालून लिहा आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीला, तलाठ्याला कळवा. आणि वरून इशारा आला, तर वाडीतल्या शेवटच्या घरातल्या एकट्या बाईला तो कोण सांगणार, तिचं नाव आजच ठरवून ठेवा. तिला सांगून भागणार नाही, रात्री कुणाच्या घरी आणायचं तेही ठरवा.

२०१८ साली युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातल्या लोकांच्या हिमस्खलनाविषयीच्या ज्ञानाला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. हा मान एखाद्या यंत्राला मिळालेला नाही. काठीवरचं माप रोज लिहिणाऱ्या, जंगल राखणाऱ्या, एकमेकांना सांगणाऱ्या माणसांना तो मिळाला. आंडरमाटच्या लोकांनी सव्वासहाशे वर्षांपूर्वी ठराव लिहिला, तेव्हा त्यांच्याजवळही आपल्यासारखंच आठवणीपलीकडे काही नव्हतं.

आजच्यापुरतं एवढंच. वहीची मागची पानं आजच वेगळी करा. नमस्कार.